नाशिकला राहून शिडाच्या बोटीने महासागर पार करायची तयारी कशी करावी?

तुमचा प्रश्न असा: नाशिकला राहता, वय ३४, पोहता येतं, पण शिडाच्या बोटीवर कधी पाय ठेवलेला नाही. ओळखीच्या एकाने येत्या नोव्हेंबरात कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला जाणाऱ्या त्याच्या ४० फुटी बोटीवर चौथा माणूस म्हणून बोलावलंय. तयारी काय करू, आणि मुळात जाऊ का?

मी हाच प्रवास २०२२ मध्ये केला. लास पाल्मास ते सेंट लुसिया, सुमारे २७०० सागरी मैल, आम्हाला २१ दिवस लागले. बोट माझ्या एका निवृत्त सहकाऱ्याची. मी निफाड तालुक्यातला, घरची शेती कांद्याची. समुद्र म्हणजे शाळेच्या सहलीत पाहिलेलं अलिबाग, एवढाच संबंध. त्यामुळे तुमच्यापेक्षा फार पुढे होतो असं समजू नका.

आधी मुहूर्ताचं. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर, म्हणून बोटी नोव्हेंबर संपत आला की निघतात. ईशान्येचे व्यापारी वारे पाठीशी लागले की पुढचं काम वाराच करतो. जुन्या खलाशांचा नियम असा, की लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला उतरायचं आणि मग पश्चिमेला वळायचं. आमच्याकडे लोणी नव्हतं, लास पाल्मासच्या धक्क्यावर मी कढवलेलं तूप होतं. केप व्हर्ड बेटांच्या बाजूला उतरल्यावर बरणीतलं तूप पातळ झालं आणि कप्तानांनी खरोखरच सुकाणू वळवलं. (नकाशा बघूनच वळवलं, पण आम्ही श्रेय तुपाला दिलं.)

नाशिकला बसून काय करता येईल? गंगापूर धरणावर किंवा गोदावरीत वल्हवायला शिका, पाण्याची भीड चेपते. पण वल्ही आणि शीड या दोन वेगळ्या विद्या आहेत. शिडासाठी मुंबई गाठा. तिथे पावसाळ्यात शिडं बंद असतात, म्हणजे नोव्हेंबरात निघायचं तर हातात फार दिवस नाहीत. जमल्यास आरवायए या ब्रिटिश नौकानयन संस्थेचा ‘कॉम्पिटंट क्रू’ हा पाच दिवसांचा कोर्स करा, त्यात दोर, गाठी आणि पहारा यांची तोंडओळख होते. कसारा घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी बोट लागण्याची गोळी घरीच खाऊन पाहावी. काहींना इतकी झोप येते की माणूस निरुपयोगी होतो. मला गोळी आणि आलेपाकाच्या वड्या दोन्ही लागल्या, तरी पहिले तीन दिवस गेलेच. चौथ्या दिवशी भूक लागली.

आता खरी गोष्ट. एवढ्या लांब प्रवासात बोट बहुतेक वेळा वादळाने मोडत नाही, ती घासून झिजते. वारा पाठीमागून असतो, बोट रात्रंदिवस डावी-उजवीकडे डोलते आणि प्रत्येक दोर एकाच जागी हजारो वेळा घासतो. आजोबा मोटेचा नाडा रोज सकाळी बोटांनी चाचपायचे, तो त्याच कारणासाठी. आम्हीही दिवसातून दोनदा फेरी मारायचो: डोलकाठीच्या बुडापासून सुरुवात, मग प्रत्येक कप्पी, प्रत्येक खिळ, डेकवर एखादा सुटा स्क्रू पडलाय का. अकराव्या दिवशी सकाळी पुढचं शीड बाहेर धरणाऱ्या काठीच्या टोकाशी हात लावला, तर दोराचं आवरण फाटून आतला पांढरा गाभा दिसत होता. आदल्या संध्याकाळची फेरी मी चुकवली होती, पिठलं ढवळत होतो. हातभर तुकडा कापून दोर पुन्हा बांधला आणि त्यानंतर रोज वीतभर सरकवत राहिलो, म्हणजे घासण्याची जागा बदलत राहते. बोट निघण्याआधी कप्तानाबरोबर अशी एक फेरी मारा आणि जिथे दोर काही तरी टेकतो तिथे खूण करून ठेवा.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. माणशी रोज तीन लिटर, चार माणसं, तीस दिवस: ३६० लिटर. गोडं पाणी करणारं यंत्र बोटीवर असलं तरी ते नाहीच असं धरून चाला, आणि सगळं पाणी एकाच टाकीत ठेवू नका. एक टाकी नासली तर दुसरी हवी.

खाण्याचं खातं माझ्याकडे आलं, आणि इथे निफाड कामी आलं. लास पाल्मासच्या बाजारात मी बारा किलो कांदा एकेक करून निवडला. मान बारीक आणि वाळलेली, साल घट्ट. जाड मानेचा, जोड किंवा डेंगळा कांदा घेतला नाही. दुकानदार बाई आधी वैतागली, मग हसली. बटाट्यापासून लांब, जाळीत टांगून ठेवला, वारा खेळता. चाळीत करतो तसं तीन दिवसांनी एकदा चाचपायचं, मऊ लागला तो आधी चिरायचा. शेवटच्या दिवशी पाच कांदे उरले होते, त्यातल्या एकाला कोंब. अंडी फ्रीजशिवाय टिकली, फक्त एक दिवसाआड उलटी करायची. पुठ्ठ्याचे खोके धक्क्यावरच फेका, त्यात झुरळांची अंडी येतात. प्रेशर कुकर जरूर न्या. झाकण बंद असतं, त्यामुळे हेलकाव्यात खिचडी अंगावर येत नाही.

रात्री प्रत्येकाचा तीन तासांचा पहारा, एकट्याने. यात एकच नियम न वाकणारा: अंधारात डेकवर आलात की अंगावरच्या हार्नेसचा पट्टा बोटीला अडकवलेला हवा, लघवीला उठलात तरी. सहा नॉट (म्हणजे ताशी सहा सागरी मैल) वेगाने बोट मिनिटाला साधारण १८५ मीटर जाते. दोन मीटरच्या लाटांत माणसाचं डोकं म्हणजे तरंगता नारळ. पहिल्या मिनिटात दिसलं नाही तर मग दिसणं कठीण.

मदत येईल या भरवशावर राहू नका. सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेले भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी मोडून पाठीला जबर मार लागल्याने पडून होते. एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं तोवर तीन दिवस गेले होते, आणि तेव्हा अख्ख्या जगाचं तिकडे लक्ष होतं. म्हणून दात तपासून घ्या, रोजची औषधं दुप्पट न्या, औषधांच्या डब्यात काय आहे ते सगळ्यांना माहीत हवं.

कागदपत्रं थोडक्यात: कॅनरी बेटं स्पेनची, शेंगेन व्हिसा लागतो. परतीचं तिकीट नसेल, तेव्हा तुम्ही बोटीचे क्रू आहात असं कप्तानाचं पत्र जवळ ठेवा.

आता ‘जाऊ का’. कप्तानाला फोन करून तीन गोष्टी विचारा. लाइफ राफ्टची, म्हणजे बोट बुडाली तर बसायच्या फुगत्या तराफ्याची, तपासणी शेवटची कधी झाली? संकटात संदेश पाठवणाऱ्या ईपर्बची नोंदणी याच बोटीच्या नावावर आहे ना? आणि निघण्याआधी चौघं मिळून किमान दोन रात्री समुद्रात काढणार आहोत का? तिसऱ्याचं उत्तर ‘बघू, वेळ मिळाला तर’ असं आलं, तर तिकीट काढू नका. आम्ही त्या दोन रात्री काढल्या, तेव्हा शौचालयाचा पंप फुटला आणि चौघांपैकी दोघांचं एकमेकांशी पटत नाही हे कळलं. पंप आम्ही बदलला. त्या दोघांचे पहारे असे लावले की एकाने उठवायचं आणि दुसऱ्याने उठायचं, असं त्यांच्यात कधी झालंच नाही.