घायपात आणि युक्का बागेत कसे लावावेत, सोबत काय शोभेल?

घायपात मरते ती बहुतेक वेळा पाण्याने, उन्हाने नव्हे. बुडाशी ओल साचली की गाभा सडतो. मधलं पान ओढल्यावर सहज हातात आलं तर रोप गेलंच समजा. युक्काचंही साधारण तेच. त्यामुळे माती चिकण असेल तर २०-३० सेंमी उंचवटा करा आणि मातीत जवळपास निम्मी जाड वाळू किंवा बारीक खडी मिसळा. पानांचं बूड मातीच्या किंचित वर ठेवा, भोवती ५ सेंमी खडी पसरा. पालापाचोळ्याचं आच्छादन इथे नको, ते ओल धरून ठेवतं. खतही बेतानेच, नाहीतर पानं लुसलुशीत होऊन लवंडतात.

सोबतीला दुसरं टोकदार झाड नको, दोघांचाही आकार हरवतो. वाऱ्यावर डुलणारं पेनिसेटम गवत उत्तम. निळसर घायपातीपुढे जांभळ्या पानांची सेटक्रेशिया तर फारच खुलते, फक्त ती बुडात शिरली की छाटा.

अंतर आजच्या रोपावरून नव्हे, पूर्ण वाढीवरून ठरवा. अमेरिकन घायपात दोन-तीन मीटर पसरते, तेव्हा वाटेपासून दोन मीटर तरी आत लावा. छाटताना चष्मा आणि जाड हातमोजे घालाच; रसाने कातडीची आग होते.