शारूनास यासिकेविच्युस खेळाडू म्हणून मोठा की प्रशिक्षक म्हणून?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही विचारलंय की एनबीएतून (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधून) दोन हंगामांत गाशा गुंडाळलेल्या या लिथुआनियन बास्केटबॉलपटूला युरोपात एवढं डोक्यावर का घेतात. माझं मत आधीच सांगतो. तो मोठा खेळाडू म्हणूनच, पण प्रशिक्षक म्हणून त्यानं जे केलं ते जास्त अवघड होतं.

एनबीएचा विषय पटकन संपवू. १९९८ मध्ये तो मेरीलँड विद्यापीठातून बाहेर पडला तेव्हा ड्राफ्टमध्ये (एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) त्याला कुणीच घेतलं नाही. २००५ मध्ये एनबीएच्या इंडियाना पेसर्सनी बोलावलं, जानेवारी २००७ मध्ये अदलाबदलीत गोल्डन स्टेट संघाकडे पाठवलं, आणि त्याच वर्षी स्वारी युरोपात परत. पाय जड, उडी बेताची, बचाव कच्चा. तिथल्या चपळ गार्डांपुढे (चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूंपुढे) हे सगळं उघडं पडायचं. शिवाय चेंडू हातात नसलेला शारास (लिथुआनियात त्याला असंच म्हणतात) निम्माच उरतो.

चेंडू हातात असला की काय व्हायचं, ते अमेरिकेनंच दोनदा अनुभवलं. सिडनी ऑलिंपिक, २०००, उपांत्य सामना. एनबीएच्या खेळाडूंनी भरलेला अमेरिकी संघ ८५-८३ असा जेमतेम वाचला. शेवटच्या क्षणी यासिकेविच्युसनं मारलेला थ्री-पॉइंटर (लांबून टाकलेली तीन गुणांची बास्केट) आत गेला असता तर अमेरिकेची अंतिम फेरी हुकली असती. त्या सामन्यात त्याचे २७ गुण होते. चार वर्षांनी अथेन्सच्या गटसामन्यात मात्र त्यानं सोडलं नाही: २८ गुण, ७ थ्री-पॉइंटर, लिथुआनिया ९४, अमेरिका ९०. मधल्या काळात, २००३ मध्ये, लिथुआनियानं युरोपचं अजिंक्यपद मिळवलं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

क्लबांचं म्हणाल तर २००३ मध्ये बार्सिलोनाकडून, २००४ आणि २००५ मध्ये मकाबी तेल अवीवकडून, असं सलग तीन वर्षं युरोलीग (युरोपातली सर्वोच्च क्लब स्पर्धा) जिंकली. २००९ मध्ये पानाथिनाइकोसकडून चौथं. यातलं २००४चं प्रकरण मला फार आवडतं. शारास जन्मानं काउनासचा, आणि काउनास म्हणजे जाल्गिरिस क्लबचं गाव. त्याच जाल्गिरिसला, ज्यात तेव्हा खुद्द लिथुआनियाचा दिग्गज अर्विदास साबोनिस खेळत होता, मकाबीनं हरवून फायनल फोर (युरोलीगच्या शेवटच्या चार संघांची फेरी) गाठली. डेरिक शार्पनं अखेरच्या सेकंदाला थ्री-पॉइंटर टाकून बरोबरी केली आणि जादा वेळेत निकाल फिरला. जाल्गिरिसच्या चाहत्यांना ती रात्र आठवली तरी आजही झोंबते. गंमत म्हणजे जाल्गिरिसची जर्सी शारासनं घातली ती थेट २०१३ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी.

वर्षभरात तो निवृत्त झाला आणि तिथेच सहायक प्रशिक्षक बनला. जानेवारी २०१६ मध्ये संघ त्याच्या हाती आला. पेसिच, गेर्शोन आणि ओब्रादोविच या तिघा प्रशिक्षकांच्या हाताखाली युरोलीग जिंकलेल्या माणसाला शिकवणीची गरज नव्हती. पण जाल्गिरिसकडे पैसा नव्हता. माद्रिद किंवा मॉस्कोच्या तुलनेत किरकोळ खर्चात उभा केलेला संघ त्यानं २०१८ मध्ये फायनल फोरला नेला. १९९९ नंतर क्लब पहिल्यांदाच तिथे पोहोचला होता. उपांत्य फेरीत गुरू ओब्रादोविचच्या फेनरबाह्चे या तुर्की क्लबनं हरवलं, तिसरा क्रमांक मात्र मिळाला. मी याला त्याच्या पुढच्या करंडकांपेक्षा वर ठेवतो.

त्याचा एक व्हिडिओ तुम्ही कदाचित पाहिला असेल. २०१७ मध्ये लिथुआनियाच्या लीगची उपांत्य मालिका चालू असताना त्यानं आपल्या एका खेळाडूला बाळाच्या जन्मासाठी घरी जाऊ दिलं. पत्रकार परिषदेत एका तरुण बातमीदारानं त्यावर शंका काढली, तर शारासनं उलट त्यालाच विचारलं की तुला मुलं आहेत का, आणि बास्केटबॉल म्हणजे आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते का. हाच माणूस टाइमआउटमध्ये खेळाडूंवर असा खेकसतो की बघणारा दचकतो.

मग बार्सिलोना, आणि तिथे नशीब रुसलं. २०२० ते २०२३ मध्ये स्पॅनिश लीग दोनदा जिंकली, पण युरोलीग नाहीच. २०२१ च्या अंतिम सामन्यात प्रशिक्षक अतामानच्या एफेस या तुर्की क्लबकडून ८६-८१ नं हार. पुढची दोन्ही वर्षं उपांत्य फेरीत रेआल माद्रिदनं अडवलं, त्यातलं २०२३चं तर ऐन काउनासमध्ये. बार्सिलोनाशी करार त्याच वर्षी संपला.

डिसेंबर २०२३ मध्ये त्यानं फेनरबाह्चे हाती घेतलं. पहिल्याच हंगामात उपांत्य फेरीत पुन्हा अतामान आडवा आला, या वेळी पानाथिनाइकोसचा प्रशिक्षक म्हणून. मे २०२५ मध्ये अबू धाबीत हिशेब चुकता झाला. उपांत्य सामन्यात पानाथिनाइकोस गारद, अंतिम सामन्यात मोनाको ८१-७० नं. मोनाकोचा प्रशिक्षक होता वासिलिस स्पानुलिस, म्हणजे २००९ च्या विजयातला शारासचाच साथीदार. फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू नायजेल हेज-डेव्हिस, जो याआधी जाल्गिरिस आणि बार्सिलोना दोन्हीकडे शारासच्याच हाताखाली खेळलेला.

हे सामने भारतात बहुतेकदा मध्यरात्रीनंतर लागतात, तेव्हा थेट बघण्याचा आग्रह धरणार नाही. एकच बघायचं असेल तर अथेन्समधला अमेरिकेविरुद्धचा सामना शोधा, आणि त्याची शेवटची पाच मिनिटं अजिबात पुढे ढकलू नका.