मुलांना जुन्या विमानात बसवण्याआधी

ताई, मुलांना जुन्या विमानातून फेरी मारून आणायचा तुमचा बेत उत्तम आहे, जरूर करा. फक्त सुरुवात फेरीपासून करू नका. आधी एका सकाळी मुलांना बिजासन टेकरीवर न्या. तिथून इंदूर विमानतळाची धावपट्टी दिसते. तिच्या दोन टोकांवरचे आकडे ०७ आणि २५ म्हणजे होकायंत्रावरचे साधारण ७० आणि २५० अंश. विमान आज कोणत्या बाजूने उतरतंय आणि वारा कुठून येतोय, एवढंच मुलांना शोधू द्या. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, हे ती स्वतःच ओळखतात. त्या क्षणीचे त्यांचे चेहरे बघा!

जुनं विमान शिकवायला सोनं आहे, कारण त्यात काही झाकलेलं नसतं. १९३१ साली पहिल्यांदा उडालेलं, वर-खाली दुहेरी पंखांचं टायगर मॉथच घ्या. वैमानिकासमोरची, विमान वळवायची दांडी डावीकडे-उजवीकडे हलवली की फक्त खालच्या पंखांच्या पट्ट्या हलतात, वरच्या नाही. नाकावरचा पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवून इंजिन सुरू करायचं. मुलांना जमिनीवरच दांडी हलवू द्या, घाई नको.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- दुपारची वेळ घेतात. माळव्यातल्या उन्हात तापलेली हवा वर चढते, विमान हिंदकळतं, मूल घाबरतं. सकाळीच जा.
- उपाशी नेतात, नाहीतर पोहे-जलेबी भरपेट खाऊ घालून. अर्धी प्लेट पोहे पुरेत.
- पंखा थांबलाय म्हणून मुलांना जवळ जाऊ देतात. कधीच नाही.

पहिली फेरी दहा मिनिटांची, कसरती अजिबात नकोत. शिकाऊ वैमानिकाच्या लायसन्सचं आत्ता राहू द्या. त्याला तशीही सोळा वर्षं पूर्ण लागतात.