बाई, क्षत्रप डोक्यात बसत नाहीत!

प्रश्न : बाई, मी एस.वाय.ला आहे, विषय प्राचीन भारताचा इतिहास. सातवाहन राजे आणि त्यांचे शत्रू शक क्षत्रप दोनदा पाठ केले, तरी पेपर हातात पडला की कोणी कोणाला हरवलं हेच उलटं होतं. सनावळ्या तर राहतच नाहीत. परीक्षेला तीन आठवडे उरलेत. काय करू?
– एक विद्यार्थिनी, सिन्नर

उत्तर : उलटं मीही लिहिलंय, बरं का. टी.वाय.च्या पेपरात मी गौतमी बलश्रीला सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची राणी करून टाकलं होतं. आई ती त्याची! त्याच्या नावातच आहे, पण मी नुसतं घोकलं होतं.

तू सिन्नरची, म्हणजे नाशिकची पांडवलेणी जवळच. एक रविवार काढ, वही घे, गाइड घरी ठेव. दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, २००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही. व्याजातून पावसाळ्यात तिथे राहणाऱ्या २० भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. आता हिशेब कर. महिन्याचं व्याज २०, वर्षाचं २४०. आणि वीस भिक्षूंचे बारा-बारा? तेही २४०! हा हिशेब मी पहिल्यांदा फळ्यावर मांडला तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही गप्प झाली होती. ‘श्रेणींचे कार्य’ हा प्रश्न आला की एवढं लिही. ‘श्रेणींना फार महत्त्व होते’ हे वाक्य शंभर पेपरांत असतं, तपासणाऱ्याला त्याचा वीट आलेला असतो.

मग तीन नंबरला ये. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी बलश्रीने कोरवलेला लेख तिथे आहे. त्यात ती आपल्या मुलाला क्षहरातांचा वंश निखालस संपवणारा म्हणते. क्षहरात म्हणजे नहपानाचंच घराणं. कोणी कोणाला हरवलं, ते आईच सांगतेय. पुरावा हवा तर तुमच्याच तालुक्यातल्या जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेलं नाण्यांचं घबाड घे : नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी, त्यांतल्या नऊ हजारांहून अधिकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. शत्रूच्या चेहऱ्यावरच!

तुझा गोंधळ होतो तो ‘क्षत्रप’ या एका शब्दाने. ती घराणी दोन. नहपान क्षहरात घराण्यातला, रुद्रदामन कार्दमक घराण्यातला, नहपानाच्या नंतरचा. जुनागढच्या लेखात तो म्हणतो की दक्षिणापथपती, म्हणजे दख्खनचा स्वामी, सातकर्णी याला दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून सोडलं. त्या लेखातलं शक ७२, म्हणजे इ.स. १५०, तेवढं पक्कं कर. गौतमीपुत्राच्या सनांवर अभ्यासकांचंच एकमत नाही, तू कशाला झोप घालवतेस? आधी कोण, मग कोण, एवढा क्रम चुकवू नकोस.

रोज रात्री पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर एक उत्तर लिही, मग पडताळ. तेच तिसऱ्या दिवशी पुन्हा, न बघता. हायलायटर मैत्रिणीला देऊन टाक.

लेण्यांवर सकाळी लवकर जा, ऊन चढलं की त्या पायऱ्या दम काढतात. आणि अक्षरांवरून बोटं फिरवू नकोस हं.