एच ड्राइव्हवरची ती फाइल उडवू का?

प्रश्न : नमस्कार भाऊ, इतवारीत आमचं धान्याचं दुकान आहे, बाबांचा जुना हिशोब अजून विंडोज ९५ वाल्या पीसीवर फॉक्सप्रो नावाच्या जुन्या डेटाबेस प्रोग्रामात पडून आहे. डिस्क २१० एमबीची, पण सी ड्राइव्ह ३८० दाखवतो. त्यात ८० एमबी रिकामे दाखवून राहिला अन् सीडीवरून ४५ एमबीची झिप टाकली तर डिस्क फुल म्हणतो! एच नावाचा अजून एक ड्राइव्ह आहे, कोणी बनवला देव जाणे, त्यात १९० एमबीची लपवलेली फाइल सापडली. ती उडवली तर जागा होईल ना?

उत्तर : अजिबात हात लावू नका! ती डीआरव्हीस्पेस.००० म्हणजेच तुमचा सी ड्राइव्ह आहे. कोणीतरी कधीकाळी ड्राइव्हस्पेस (डिस्कवरचा माल दाबून जास्त मावेल असं करणारा विंडोजमधलाच प्रोग्राम) चालवलेलं दिसतंय. खरी डिस्क आता एच झाली, अन् सीवरचं सगळं दाबून त्या एका फाइलमधे भरलंय. ती गेली की हिशोब, विंडोज, सगळंच साफ.

आता ते ८० एमबी. तो निव्वळ अंदाज आहे. ड्राइव्हस्पेस धरून चालतं की येणारा माल दुप्पट दाबला जाईल, म्हणजे खरी जागा ४० च्या आसपास. झिप तर आधीच ठासून भरलेलं पोतं, ती अजून काय दबणार, ४५ ची ४५ च राहते. जेपीईजी फोटोंचंही तेच. उलट फॉक्सप्रोच्या डीबीएफमधे, म्हणजे हिशोबाच्या नोंदींच्या फाइलमधे, रिकाम्या जागाच जास्त असतात, त्या मस्त दबतात. ड्राइव्हस्पेसमधे रेशो (माल किती पट दबेल तो अंदाज) बदलता येतो, पण त्याने फक्त दाखवायचा आकडा बदलतो, जागा वाढत नाही.

कम्प्रेशन काढायच्या भानगडीत आत्ताच पडू नका, सगळा माल मोकळा होऊन २१० मधे मावायला पाहिजे अन् मधेच लाइट गेली तर कल्याण. आधी डेटा बाहेर काढा. डिस्क काढून यूएसबी अ‍ॅडॉप्टरने नव्या लॅपटॉपला लावली तर सगळ्या फोल्डरऐवजी ती एकच मोठी फाइल दिसेल, एक्सपी अन् त्यापुढचे विंडोज ती उघडत नाहीत. घाबरू नका, तिची जशीच्या तशी कॉपी करून ठेवा. मग डिस्क परत जुन्या पीसीत बसवा, डिस्कमधल्या चुका तपासणारा स्कॅनडिस्क चालवा (मे महिन्यात असाल तर सकाळीच, दुपारच्या ४५ डिग्रीत म्हाताऱ्या डिस्कला तासन् तास पळवू नका बाप्पा), अन् तिथूनच हिशोबाच्या फाइल फ्लॉपीवर घ्या. डीबीएफसोबत त्याच नावाची एफपीटी असेल तर तीही घ्या, मेमोतला (लांब टिपणांच्या रकान्यातला) मजकूर तिच्यातच असतो.