गाडीत शेजारच्या अनोळखी प्रवाशालाही आपल्या प्लेअरवरची गाणी ऐकवायची असतील तर काय लागतं?

भुसावळ–सुरत गाडीत शेजारी बसलेल्या माणसाला स्पीकर न लावता अहिराणी गाणी ऐकवायची आहेत आणि प्लेअरला इअरफोनचं एकच भोक आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्याला एक छोटा स्प्लिटर, म्हणजे एका भोकाची दोन भोकं करणारा जोड, आणि वेगळा इअरफोन पुरतो. एकच इअरफोन दोघांत वाटून घेऊ नका. स्टिरिओ गाण्यात डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळी वाद्यं असतात, त्यामुळे दोघांनाही गाणं अर्धंच मिळतं. शिवाय दुसऱ्याच्या कानातली रबरी टोपी आपल्या कानात घालणं बरं नाही. पाहुण्यासाठी जादा टोप्या जवळ ठेवा.

१९७९ साली आलेल्या सोनीच्या पहिल्या वॉकमनला इअरफोनची दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटणही होतं. ते दाबलं की गाणं हळू होऊन माइकमधून एकमेकांशी बोलता यायचं. आता ती सोय आपणच करून घ्यायची.

स्प्लिटर घेताना सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. दुकानात दिसायला सारखे दोन प्रकार मिळतात. एकात एका भोकावर हेडफोनचं चित्र असतं आणि दुसऱ्यावर माइकचं. तो कॉम्प्युटरसाठी असतो, आपल्या कामाचा नाही. दोन्ही भोकांवर हेडफोनचंच चित्र असलेला घ्या. मग इअरफोनची पिन बघा. दोन काळ्या कड्या असतील तर साधा स्टिरिओ, तीन असतील तर माइकवाला. साध्या प्लेअरला साधाच इअरफोन उत्तम. माइकवाला लावल्यावर कधी कधी गायिकेचा आवाज गायब होतो आणि नुसती वाद्यं घुमतात. कारण ग्राउंडचा, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या सामाईक तारेचा, जोड नीट बसत नाही, मग कानात फक्त डाव्या-उजव्यातला फरक येतो. गळा दोन्हीकडे सारखाच असल्याने तो कापला जातो. मूळ ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं, असेल तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. माइकचं बटण दाबून धरल्यावर आवाज भरला तर दोष हाच समजा. पिन अर्धवट बसली तरी असंच होतं, म्हणून आधी ती पूर्ण आत ढकलून बघा.

दोन इअरफोन समांतर जोडले जातात. ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप; ते जितकं कमी तितका प्लेअरवर भार जास्त. ३२ ओहमचे दोन लावले की प्लेअरला दोन्ही मिळून १६ ओहमच दिसतात, त्यामुळे लहान प्लेअरचा आवाज थोडा उतरू शकतो. त्याहून त्रासदायक म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे इअरफोन. एकाला बरोबर वाटतो तोच आवाज दुसऱ्याच्या कानात किंचाळतो. एकाच मॉडेलचे दोन घ्या, नाहीतर वायरवर आवाजाचं चाक असलेला इअरफोन पाहुण्याला द्या. अमळनेर सोडून गाडीने वेग धरला, खिडकीतून वारा आला, की हात आपोआप आवाज वाढवायला जातो. त्याऐवजी कानात घट्ट बसणारी टोपी लावा. सुरुवात कमी आवाजावर करा आणि प्लेअर त्यांच्या हातात द्या, गाणंही त्यांनाच निवडू द्या. अनोळखी माणसाला विचारल्याशिवाय मात्र इअरफोन पुढे करू नका.

ब्लूटूथवर दोन इअरफोन एकाच वेळी काही फोनवरच चालतात. साध्या प्लेअरकडून ती अपेक्षा नको.

गाणं आवडलं आणि त्यांनी ते मागितलं, तर प्लेअरमधलं मेमरी कार्ड त्यांच्या फोनला जोडायला कार्ड रीडर आणि ओटीजी वायर लागेल. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपीथ्रीला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं ५ एमबीच्या आत बसतं. विकत घेतलेली गाणी वाटू नका. खानदेशातल्या कानबाई देवीच्या जागरणात घरी रेकॉर्ड केलेली गाणी द्यायची असतील, तर ती म्हणणाऱ्या बायांना आधी विचारा. त्यांचा गळा आहे तो. स्वस्त प्लेअरवर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून फाइलला रोमन अक्षरांत नाव द्या. असे बरेच प्लेअर गाणी नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने कार्डावर चढवली त्या क्रमाने वाजवतात. क्रम बिघडला तर कार्ड रिकामं करून एकेक गाणं पुन्हा चढवा.