ऐतिहासिक साधनं (बखरी, जुने कागद, इतिहासग्रंथ) गटात बसून वाचली तर पूर्वग्रह खरंच कमी होतो का?

होतो, पण चर्चेआधी प्रत्येकाने आपलं वाचन स्वतंत्रपणे लिहून काढलं असेल तरच. नाहीतर वयाने किंवा आवाजाने जो मोठा, त्याचं मत गटाचं होऊन बसतं आणि पूर्वग्रह उलट पक्का होतो.

उदाहरण म्हणून शिवाजी महाराज आणि अफजलखान यांची भेट घेऊ. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगड. पहिला वार कोणाचा? सभासद बखरीत खान महाराजांची मान खाकेत धरतो आणि जमदाड (एक प्रकारची कट्यार) चालवतो. ग्रँट डफच्या इतिहासात वाघनखं आधी चालतात. पाच-सहा जण बसा, दोन्ही उतारे छापून हातात द्या, वीस मिनिटं कोणी बोलायचं नाही. कागदावर तीन रकाने आखा: मजकुरात काय लिहिलंय, त्यावरून मी काय समजलो, आणि तसं का समजलो. ‘खानाने दगा केला’ हे पुष्कळजण पहिल्या रकान्यात लिहितात. ते दुसऱ्यातलं आहे. वाराच्या वाक्यात मान धरणं आणि जमदाड चालवणं एवढंच येतं. ही सरमिसळ दिसली की पूर्वग्रह हाती लागला म्हणून समजा.

मग कागद वाचून दाखवा. जाणत्याने शेवटी बोलावं. लेखक कोण, हे त्यानंतर काढा. सभासदाने १६९७ च्या सुमारास, घटनेनंतर जवळपास ३८ वर्षांनी, जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलं. डफ हा कंपनी सरकारचा अधिकारी, ग्रंथ १८२६ चा. ज्याला जे साधन खटकतं त्यानेच त्याची बाजू मांडायची. जड जातं, पण माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो.

‘चार बखरी हेच सांगतात’ या युक्तिवादाला भुलू नका. प्रसंगांचा क्रम, शब्द, अगदी चुकाही जुळत असतील तर नंतरच्यांनी आधीच्या बखरीवरून उतरवून घेतलं असण्याचा दाट संभव आहे. मग साक्षीदार एकच.

कागद मोडी असेल तर लिप्यंतरही वेगवेगळं करा. मोडीत शब्द सलग असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे शब्द कुठे तोडायचा इथूनच अर्थ फिरतो. जिथे वाचन जुळत नाही तिथे मतदान नको, मूळ कागदावरचं तेच अक्षर त्याच लेखनिकाच्या दुसऱ्या ओळींत शोधा. तरी मिटलं नाही तर दोन्ही वाचनं आणि दोघांची कारणं टिपणात शेजारी-शेजारी राहू द्या.